पहिलं पिल्लू

वाघोलीच्या बसमध्ये मला जागा मिळाली ती त्या बाईंच्या शेजारी. मला सातवा महिना होता. खिडकीपाशी बसलेल्या त्या बाईंच्या मांडीवर चिकटपट्टीने बंद केलेला थर्माकोलचा डबा होता. खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी झाकण दाबून धरत. मी पोट धरत होते.

मला वास सहन होईना. "मासे आहेत का हो?" मी तिरसटपणेच विचारलं.

"नाही. डॉल्फिनच्या मादीची चरबी आहे. कोकणात किनाऱ्यावर मेलेली सापडली. प्रयोगशाळेत तपासायला नेतेय." बोलताना त्या स्वतःची बोटं हुंगत होत्या. "फवारणीची औषधं, कारखान्यांची रसायनं समुद्रात जातात, माशांतून हिच्या अंगात येतात. चरबीत साठून राहतात वर्षानुवर्षं."

"बाहेर पडतच नाहीत?"

"पडतात की. दुधातून. पहिलं पिल्लू बरंचसं पिऊन टाकतं. आई हलकी होते."

मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि त्या दिवसांत प्रत्येक बाई विचारायची तेच विचारलं, "पहिलंच का?"

मी मान डोलावली. त्यांनी डबा माझ्यापासून लांब, खिडकीकडे सरकवला.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, नारायण पेठेत आले. मुलगी झाली. दूध दाटून मी तळमळत होते, तेव्हा आईने तिला माझ्या कुशीत दिलं. "पिऊ दे गं सगळं. हलकं वाटेल तुला."

मुलगी डोळे मिटून पीत राहिली. आणि मला खरंच हलकं वाटायला लागलं.