धाकटीने मांडलेले निळ्या चीजचे ताट

माझ्या धाकट्या जावेने एकतीस वर्षे डोळ्यांच्या रुग्णालयात जेवणाचे ट्रे मांडले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी असलेल्या रुग्णांचा मजला तिच्याकडे होता. ट्रे समोर ठेवला की ती सांगायची, "बाराला बटाटे, तीनला मासा, सहाला पाव, नऊला पाणी." ताट म्हणजे घड्याळ समजायचे आणि आकडा ऐकला की हात तिकडे न्यायचा. माणूस पहिल्या दिवशी चाचपडे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने जेवे. रुग्ण तिला घड्याळबाई म्हणत. घरात आम्ही तिला नुसते धाकटी म्हणतो, आणि आता ती चौसष्ट वर्षांची आहे.

निवृत्त झाल्यावर ती आठ दिवस घरी बसली. नवव्या दिवशी माझे दीर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, हिला कुठेतरी कामाला लावा. काल माझा चष्मा हिने नऊवर ठेवला आणि मलाच म्हणते, तुम्हाला सापडत कसा नाही!"

तिला कामाला लावले ते तिच्या लेकीने. माझ्या या पुतणीने मोठ्या दूध-कारखान्यातली पक्की नोकरी सोडली होती आणि स्वतःचे चीज करायला घेतले होते. साधेसुधे नव्हे, निळे. सोड्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या मागची थंड खोली तिने भाड्याने घेतली होती. तिथे दोन-दोन किलोच्या जाड चकत्या फळ्यांवर ओळीने पिकत असत. लांब सुईने त्यांना भोके पाडायची, म्हणजे आत हवा शिरते आणि निळ्या बुरशीच्या शिरा पसरतात. शिवाय एकेक चकती रोज उलटायची. हे उलटण्याचे काम धाकटीचे. सकाळी सहाला जाई आणि नऊला परते. ती दारात आली की दीर खिडक्या उघडत.

"कुणाचे मोजे राहिलेत का गं घरात?"

"तुमचेच राहिलेत," ती म्हणे. "माझा वास महागातला आहे."

चीज उत्तम होते, हे मी काकूपणाने म्हणत नाही. मला स्वतःला ते पहिल्यांदा खाताना घाम फुटला होता, आणि तिसऱ्यांदा मी ते मागून घेतले होते. पण खपत होते ते शनिवारच्या बाजारात, तुकड्यातुकड्याने. मार्चच्या सात तारखेला खोलीच्या मालकाने पुतणीला बोलावून सांगितले, "एखादं कायमचं गिऱ्हाईक लागलं तर खोली तुमची. नाही तर पुढच्या एक तारखेपासून मला ती आईस्क्रीमसाठी हवी." आत बेचाळीस चकत्या पिकत होत्या. तेवढी थंड आणि तेवढी दमट दुसरी जागा आसपास कुठेही नव्हती. खोली गेली असती तर दीड वर्षाची मेहनत केराच्या टोपलीत गेली असती.

पुतणीने मोठ्या हॉटेलांचे उंबरठे झिजवले. शेवटी एका हॉटेलाच्या मुख्य आचाऱ्याने फोनवर सांगितले, "चीज चांगलं असेलही. पण माझे पाहुणे आधी डोळ्यांनी खातात. ताट मांडून दाखवा. शनिवारी चार वाजता आम्ही चौघे येतो."

ताट मांडायचे म्हटल्यावर पुतणीने समारंभाची टेबले सजवणारी एक बाई ठरवली. गुरुवारी तिने धाकटीच्या स्वयंपाकघरात नमुन्याचे ताट केले. फुले काय, द्राक्षांचे डोंगर काय, बिस्किटांचे जिने काय! आम्ही सगळ्या पाहतच राहिलो. मीही माझ्या परीने भर घातली होती. आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे नॅपकिनांचे चार हंस केले होते आणि माझी निळ्या फुलांची चिनी मातीची मोठी थाळी आणली होती.

धाकटीने थाळीकडे पाहिले. "वहिनी, रागावू नका. पण निळ्यावर निळं ठेवलं की चीज चोरून आणल्यासारखं दिसतं."

मग तिने पुढे होऊन चीजचा एक तुकडा उचलला. द्राक्षे गडगडली. एक थेट माझ्या हंसाच्या पाठीवर आदळले. बिस्किटांचा जिना कोसळला, चीजचा भुगा फुलांवर पडला आणि चीजला टेकलेली बिस्किटे मऊ पडली होती हे तेव्हा कळले.

"ताट छान आहे हो," धाकटी सजावटवाल्या बाईला म्हणाली, "पण पहिल्या घासालाच मेलं. पाहुणे चार आहेत. उरलेल्या तिघांनी काय करायचं?"

बाई गाल फुगवून निघून गेली. पुतणी कपाळाला हात लावून बसली. "आई, शनिवार परवावर आलाय. आता कोण मांडणार?"

"मी."

"तू दवाखान्यात ट्रे मांडलेस, आई! तिथल्या लोकांना दिसत नव्हतं!"

"म्हणून तर नीट मांडावं लागायचं," धाकटी म्हणाली.

शुक्रवारभर ती कागदावर गोल काढत बसली. चीज तीन प्रकारचे होते: सहा आठवड्यांचे मवाळ, तीन महिन्यांचे मधले आणि पाच महिन्यांचे कडक. पहिल्या दोहोंच्या भरपूर चकत्या होत्या. कडकची तयार झालेली चकती मात्र एकच होती, आणि आचाऱ्याने फोनवर खास त्याचीच चौकशी केली होती.

शनिवारी दुपारी दीड वाजता मी पोचले तर स्वयंपाकघरातून पुतणीचा आवाज येत होता. रडण्याचा की ओरडण्याचा, ते जिन्यावरून ठरवता येईना. आत पाहिले तर धाकटी हातात सुरी घेऊन उभी आणि समोर परातीत पांढऱ्या-निळ्या भुग्याचा ढीग.

झाले होते असे. रुग्णालयात रुग्णाच्या हाती सुरी द्यायची नसे, म्हणून ट्रेवरचे सगळे घासाएवढे कापूनच जाई. एकतीस वर्षांच्या सवयीने तिचा हात चालला, आणि सुरुवात तिने केली ती नेमकी कडकपासून. पाच महिन्यांचे चीज ठिसूळ. त्याचे चौकोन कुठले व्हायला! निम्म्यावर आले तरी तिला वाटत होते की सुरीला धार नाही. धार लावून तिने उरलेलेही कापले.

"शिरा दिसायला हव्या होत्या, आई!" पुतणी म्हणत होती. "कापलेला काठ बघूनच तो माणूस ठरवणार! आता हे काय, चमच्याने वाढायचं?"

धाकटीचा चेहरा पडलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे, त्यातली ही एक. दीर दारातून डोकावले. काही विनोद करणार होते, पण बायकोचे तोंड पाहून मागच्या पावली गेले.

मी घड्याळ पाहिले, एक वाजून बेचाळीस मिनिटे. म्हणाले, "धाकटे, दवाखान्यात एखादी गोष्ट सांडली, फुटली तर काय करायचीस?"

"भांडं बदलायचं," ती म्हणाली. "जे ताटात राहत नाही ते वाटीत घालायचं." खिडकीशी ताटासाठी आणलेले पेर होते, पिकलेले पण टणक. तिने एक उचलून उभा चिरला, मधला बियांचा भाग चमच्याने कोरून काढला आणि त्या खळग्यात चिमूटभर भुगा दाबून बसवला. वर अर्धा अक्रोड ठेवला.

"घे," तिने लेकीला दिले. "सुरी नको, काटा नको."

पुतणीने चावा घेतला. बराच वेळ चावत राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "आणखी किती पेर आहेत?"

पुढचे दोन तास आम्ही तिघी नुसत्या राबत होतो. मवाळ आणि मधले चीज तीनच्या ठोक्याला बाहेर काढले, कारण थंडगार चीजला चव नसते. एकेक मोठा त्रिकोण कापला, शिरा समोर याव्यात असा. काळपट लाकडाची एक गोल फळी धाकटीने आधीच घासूनपुसून ठेवली होती. बाराला मवाळ. दोनला द्राक्षांचे छोटे घोस, प्रत्येकी चारच मण्यांचे, म्हणजे एक उचलला की बाकीचे हलत नाहीत. चारला मधले. सहाला, अगदी हाताशी, काळ्या पावाचे पातळ काप. आठला कडक भरलेले पेराचे सहा अर्धे, काळे पडू नयेत म्हणून लिंबू फिरवलेले. दहाला भाजलेले अक्रोड. मधोमध मधाची वाटी. दर दोन पदार्थांमध्ये दोन बोटांची मोकळी जागा, आणि प्रत्येक चीजची आपापली सुरी.

मी दोन पावले मागे सरून पाहिले आणि खरे सांगते, पाहतच राहिले. काळ्या लाकडावर ते पांढरे, त्यातल्या निळ्या शिरा, पेरांचा पिवळा, मधातून आलेला खिडकीचा उजेड. एक फूल नव्हते आणि एकाची उणीव भासत नव्हती. मी माझे हंस गुपचूप उलगडून साध्या घड्या केल्या.

"आई, एक राहिलंच," पुतणी म्हणाली. "चौघे चार बाजूंनी बसले तर बारा कुणाचे?"

"चौघांना एकाच बाजूला बसवायचं." आणि तिने भिंतीकडचा लांब बाक ओढलासुद्धा.

चार वाजून सहा मिनिटांनी पाहुणे आले. आचारी सडपातळ, कमी बोलणारा. हॉटेलची मालकीण, गळ्यात चष्मा. बाकीचे दोघे कोण ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही, पण खाण्यात ते कुणाच्या मागे नव्हते. चौघे बाकावर ओळीने बसले, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे. आचाऱ्याने ताटाकडे पाहिले. मालकिणीने चष्मा लावून पाहिले. पुतणीच्या हातातल्या फडक्याचा पिळा झाला होता.

"सुरुवात कुठून?" आचाऱ्याने विचारले.

"बारापासून," धाकटी म्हणाली. "घड्याळाप्रमाणे या. बाराला मवाळ, चारला मधलं, आठला कडक. मध्ये तोंड साफ करायला पाव, तो सहाला."

त्याने मवाळ खाल्ले, मान हलवली. मधल्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चव घेताना काही लोक मिटतात तसे डोळे मिटून घेतले. चावता चावता त्याचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि पावाचा एक काप उचलून आला. काहीही हलले नाही, काहीही गडगडले नाही. त्याने डोळे उघडून हातातल्या पावाकडे पाहिले, मग ताटाकडे, मग धाकटीकडे.

"हे कुठं शिकलात?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात," धाकटी म्हणाली. "पट्टी बांधलेल्यांकडे."

मग मालकीण अशी हसली की चष्मा पडता पडता वाचला. "आणि आम्ही परदेशातून पुस्तकं मागवतो!" ती म्हणाली आणि तिनेही डोळे मिटून हात पुढे केला. अक्रोड हवा होता, अक्रोडच आला.

पेराचा अर्धा आचाऱ्याने शेवटी उचलला. एक चावा, दुसरा, देठापर्यंत संपवला. आणखी एक घेतला. "हे पेरात भरायचं कुणाला सुचलं?"

पुतणीने आईकडे पाहिले. धाकटी म्हणाली, "सुचलं नाही. चीजचा चुकून भुगा झाला माझ्या हातून."

"मग दर आठवड्याला चुका," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर माझी पुतणी मटकन खुर्चीत बसली. मागणी तिथेच ठरली: आठवड्याला चार चकत्या, बाराही महिने, आणि कडक पिकत जाईल तशी त्यातली एक कडक. अट एकच, की हॉटेलात ताट असेच मांडले जाईल.

"माझीही एक अट आहे," धाकटी म्हणाली. पुतणीने तिला कोपर मारले. ती बधली नाही. "वाढणाऱ्यांना मी शिकवणार. नुसतं चित्र काढून दिलं तर तिसऱ्या दिवशी त्यावर फुलं चढतील."

"कधीपासून येता?" मालकिणीने विचारले.

पाहुणे जिना उतरायच्या आत दीर आत आले आणि पेराचा उरलेला एकुलता एक अर्धा त्यांनी पळवला. "वास आता बरा येतोय," तोंड भरलेले असताना ते म्हणाले.

पुतणीने खोलीच्या मालकाला तिथूनच फोन लावला. मी अगदी जवळ बसले होते, म्हणून दोन्हीकडचे ऐकू आले.

"कायमचं गिऱ्हाईक मिळालंय," ती म्हणाली. "आईस्क्रीम दुसरीकडे थिजवा."

"कोण गिऱ्हाईक?" तिने हॉटेलाचे नाव सांगितले. पलीकडे मोठा उसासा आणि मग वेगळाच, गोड झालेला आवाज. "मग ताई, बेचाळीसच्या जागेत कसं भागणार तुमचं? शेजारची छोटी खोलीही रिकामी आहे. तीही घेता का?"

पुतणीने फोनवर हात ठेवून आईकडे पाहिले. धाकटी फळी धूत होती. पाठ आमच्याकडे, हात कोपरापर्यंत फेसात.

"घेते म्हण," ती म्हणाली. "आणि उद्याच किल्ली माग. मला भिंती घासायच्या आहेत."