आई ग्रामसभेत बोलली तेव्हा

मेथी निवडताना हाताला वास लागला की मला आष्टीजवळच्या आमच्या गावातली ती ग्रामसभा आठवते. शाळा सुटल्यावर भरणारा आमचा कॉम्प्युटर वर्ग अनुदान थांबल्यामुळे बंद पडणार होता, म्हणून तो पंचायतीने चालवावा असं सांगायला मी उभी राहिले होते. “पोरीइले कॉम्प्युटर कायले पायजे?” मागून कोणीतरी म्हणालं आणि माझे शब्दच अडकले. तेवढ्यात बाजारात भाजी विकून थेट सभेला आलेली, चारचौघांत कधीही न बोललेली आई उठली. “माह्या नावाचा सातबारा ह्या पोरीनंच मोबाईलवर काढून देल्ला. शिकू द्या त्याइले!” हळूहळू हात वर झाले आणि वर्ग वाचला. आता तिथे मीच शिकवते. तेव्हा एवढी हिंमत कुठून आली, असं परवा आईला विचारलं, तर ती हसून म्हणाली, “तू चूप झाली होती ना वं, मंग कोणी तं बोलाव!”