मुद्दाम पाडल्याशिवाय

सोफ्याची गादी उचलली की फटीतून काय काय निघतं! शेंगदाण्याची फोलपटं, केसांचे आकडे, कुणीतरी वर्षभर शोधत असलेलं कानातलं. कुणी मुद्दाम ठेवत नाही, बसल्या बसल्या साठत जातं. आमच्या धंद्यातले किस्सेही तसेच साठले. चार मित्र जमले की म्हणतात, "काढ रे एखादा!" मी हसण्यासारखे आधी काढतो.

एकोणीसशे साठ-सत्तरच्या सुमारास लोणावळ्यात आमचं सोफे धुण्याचं दुकान होतं. दुकान नानांचं, मी त्यांचा एकुलता एक कामगार. मुंबईकरांच्या बंगल्यांवर बादल्या-ब्रश घेऊन जायचं आणि जागेवर सोफे, खुर्च्या धुऊन द्यायच्या. पावसाळ्यात मात्र हातावर हात! ओला सोफा लोणावळ्याच्या पावसात वाळवणार कसा? दर श्रावणात नाना म्हणायचे, "यंदा दुकान बंद." अशातच मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्यांना डागाचं औषध दाखवलं. धुतलेल्या कापडावर ते मारलं की चहाचा थेंब घरंगळून जायचा. नानांनी जवळ होतं-नव्हतं ते घालून डबे घेतले. आता दुकान तरलं तर त्या औषधावरच तरणार होतं.

* * *

पहिला प्रश्न भावाचा. नानांनी ठरवलं, एका बैठकीला, म्हणजे एका माणसाच्या जागेला, पाच रुपये. तेही सांगताना आवाज फुटायचा नाही. खंडाळ्याच्या एका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाच रुपयांत डाग थांबत असते तर आमच्या धोब्यानेच नसते का थांबवले?"

नाना बाहेर पडले. पुढच्या बंगल्यात त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, म्हणाले, "बैठकीला पंधरा!"

तिथल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे औषध फॉरेनचं असणार." आणि घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्या करून घेतल्या!

परतताना मी म्हटलं, "नाना, भाव लागला की!"

तर म्हणाले, "इतकी वर्षं मी नुसते सोफे धुतले रे. किती स्वस्तात धुतले!"

* * *

गिऱ्हाइकाला पटवायला नानांची एक युक्ती होती. सोफ्याच्या अर्ध्या भागाला औषध मारायचं, वाळू द्यायचं आणि घरच्यांना बोलावून त्यावर कपभर चहा ओतायचा. बायका किंचाळायच्या, चहा ओघळून फडक्यावर यायचा, आणि सौदा पक्का!

एकदा नानांनी ऐटीत चहा ओतला तो नेमका न मारलेल्या बाजूला. पांढऱ्याशुभ्र कापडानं तो घटाघट पिऊन टाकला. नाना मात्र ढिम्म. म्हणाले, "पाहिलंत? औषध नसलं की हे असं होतं!"

गिऱ्हाईक बिचारं इतकं घाबरलं की त्यानं पडद्यांनाही मारून घेतलं.

* * *

एका हॉटेलात मात्र नानांची डाळ शिजली नाही. मॅनेजरनं घरंगळणारा थेंब बघितला, पुन्हा एकदा ओतायला लावला, वाहवा केली आणि हात जोडले. "नको."

"का हो? भाव जास्त वाटतो का?"

"तसं नाही. सोफ्यावर डाग पडला की आम्ही पाहुण्यांकडून दंड घेतो. तुमच्या औषधानं डागच बंद झाले तर मालकाला मी काय सांगू?"

* * *

तुंगार्लीला एक रिटायर्ड साहेब एकटेच राहायचे. पाच खुर्च्या, एक सोफा. म्हणाले, "एकाच खुर्चीला मारा. ही, खिडकीजवळची. मी हिच्यावरच बसतो."

नाना म्हणाले, "आणि पाहुणे आले तर?"

साहेबांनी त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "आले तर पाडू देत डाग. कुणी आलं होतं, एवढं तरी दिसेल."

नानांनी त्या खुर्चीचे पैसे घेतले नाहीत. बाहेर आल्यावर मलाच ओरडले, "असली गिऱ्हाइकं दाखवत जाऊ नकोस!"

* * *

पुढे लोक विचारायला लागले, ग्यारंटी काय? नानांनी कार्डं छापायला घेतली. मजकूर एवढाच: 'दोन वर्षे डाग पडणार नाही.'

मी म्हटलं, "नाना, उद्या कुणी शाईची दौत उपडी केली तर? शेवटी घाला, 'मुद्दाम पाडल्याशिवाय'."

नानांनी पाठ थोपटली. "वकील व्हायचास तू!" मी दोन दिवस ताठ मानेनं हिंडलो.

पहिलं कार्ड गेलं मळवलीच्या एका शेठच्या बंगल्यात. तिथला राखणदार केरूभाऊ आंदर मावळातला. चौदा वर्षं तो आणि त्याची बायको बंगल्यामागच्या खोलीत राहायची. शेठ वर्षातून दोनदा यायचे. एरवी सोफ्यावर पांढरी चादर, आणि केरूभाऊ पायरीवर. औषध वाळल्यावर नाना त्याला म्हणाले, "बस की केरू, बघ कसं वाटतंय!"

केरूभाऊ दोन पावलं मागं सरला. "न्हाई बा. बसल्यालं गादीवर दिसतंय मागनं."

* * *

त्या वर्षी पाऊस फार लांबला. दिवाळीला शेठ आले, चादर निघाली, आणि सोफ्याच्या मधल्या बैठकीवर वीतभर तपकिरी डाग! आम्हाला बोलावणं आलं. शेठच्या हातात आमचं कार्ड होतं.

"केरू, इथं बसून चहा प्यायलात ना दोघं?"

"न्हाई शेठ. चौदा वर्सांत टेकलो बी न्हाई. चादर धुवाया काडली तवा दिसला. मीच दावला न्हवं तुमास्नी?"

"मुद्दाम पाडल्याशिवाय डाग पडणार नाही, असं लिहिलंय इथं. मग हा आभाळातून पडला काय?"

आभाळातूनच पडला होता. मी डाग चोळला, वास घेतला आणि हळूच वर पाहिलं. छताच्या फळ्यांच्या सांध्यात बोटभर काळपट ओल होती. कौल सरकलं की जुन्या लाकडावरून उतरणारं पाणी चहाच्याच रंगाचं असतं. आमचं औषध शिंतोडा थांबवायचं. चार महिने एकाच जागी ठिबकणारं पाणी थांबवणं त्याच्या बापालाही जमलं नसतं. पण तसं म्हणायचं म्हणजे कार्ड खोटं. शेठनं ते चार बंगल्यांत सांगितलं असतं, तर दुकान बंद. नाना माझ्याकडे बघत होते.

केरूभाऊही माझ्याकडेच बघत होता. "दादा, तुमी सांगा की. तुमाला डागातलं कळतंय."

मी म्हणालो, "डाग निघेल, शेठ. नवीन आहे."

निघाला. आम्ही फुकटात काढून दिला, वर पुन्हा औषध मारलं. आम्ही बादल्या उचलून निघालो तेव्हा केरूभाऊची बायको खोली रिकामी करायला भांडी पोत्यात भरत होती. मला माझी लाज वाटली. वाटली, आणि तरी मी बोललो नाही.

* * *

दुकान आणखी दोन पावसाळे तरलं. मग नाना थकले आणि ते आपसूकच मिटलं. आता कुणाचं दुकान वाचवायचं राहिलं नाही, तेव्हा मी आंदर मावळात केरूभाऊच्या गावी गेलो. एस.टी. सोडल्यावर चांगला दोन तास चालत.

केरूभाऊ अंगणात भात वाळवत होता. मला बघून म्हणाला, "आवं दादा! चालत आलासा?" आणि आत जाऊन दांडीवरची नवीकोरी घोंगडी काढून आणली. मी म्हणत होतो, "राहू द्या, मी खाली बसतो." त्यानं ऐकलं नाही. नीट झटकून अंथरली, मला बसवलं, आणि शेजारी स्वतःही बसला. त्याच्या बायकोनं चहा आणून दिला. एकाही शब्दानं तिनं जुनं काढलं नाही, म्हणून मला जास्तच अवघड झालं.

वाटभर घोकत आलो होतो. म्हटलं, "केरूभाऊ, त्या दिवशी शेठकडे..."

हात जोडायला गेलो. कप कलंडला आणि सगळा चहा त्या कोऱ्या घोंगडीवर! मी धडपडत उठलो, खिशातला रुमाल काढला, गुडघ्यावर बसून टिपायला लागलो. इतके सोफे धुतले, पण फडकं कसं धरायचं तेही सुचेना.

केरूभाऊनं माझं मनगट धरलं. शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दादा. मुद्दाम न्हाई सांडला तुमी. मी बगितलंय. कुनी इचारलं, तर सांगीन मी."