खातं बंद करतानाचं गाऱ्हाणं

पुतणीचं लग्न फोंडाघाटच्या मुलाशी ठरलं आणि लग्नं जुळवणाऱ्या साईटवरचं तिचं खातं बंद करायचं काम तिच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, अंगावर घेतलं.

भाऊ आमच्या गावात गाऱ्हाणं घालतो. देवासमोर नारळ ठेवून कोण, कुठला, काय अडचण, सगळं इत्थंभूत सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमची रीत. देवापासून काही लपवलं तर तो बापडा करणार काय? भावाचा आवाज असा, की तो देवळात उभा राहिला तर तारकर्लीच्या होड्या जाळी टाकून माघारी येतात.

बटण दाबल्यावर साईटने विचारलं, 'तुम्ही का जात आहात? सविस्तर सांगा.' सविस्तर म्हटल्यावर भाऊ उठून उभाच राहिला. बोलून लिहायचा माइक चालू केला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाचा लगीन जमला. मुलगो फोंडाघाटचो, बँकेत आसा. व्याह्यांका डायबिटीस आसा. हॉल मालवणात, दिवाळीनंतर. सोन्याचा अजून बघूक व्हया. तर ह्या खात्यात तिचो जो काय फोटो, पगार, उंची, रास ठेवलेली आसा, ता सगळा नाहीसा कर आणि लेकराक मोकळा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सवयीने म्हणालो. दारात आलेली मासेवाली टोपली खाली ठेवून म्हणाली. माझा तर दावा आहे की गोठ्यातली म्हैसही म्हणाली. भावाने सगळं पाठवून दिलं. 'तुमचं खातं बंद झालं आहे,' असं उमटलं आणि त्याने नारळ फोडला.

दुसऱ्या दिवसापासून फोन. मंडपवाले, दागिनेवाले, हॉलवाले, सोन्यासाठी कर्ज देणारे. एकजण तर व्याह्यांसाठी कारल्याची पावडर घेऊन दारात आला. खातं उघडताना दिली नव्हती तेवढी माहिती आम्ही बंद करताना दिली होती.

मग आंबोलीहून एक अख्खं कुटुंब एसटीने आलं, पावसात निथळत, मुलगी बघायला. साईटवर पुतणी 'आजच सक्रिय' होती. दारात आलेल्याला उपाशी कसं पाठवणार? त्यांनी आमची सुरमई संपवली. त्यांच्या मुलाने आमटीतली, एरवी ताटाबाहेर काढून टाकायची तिरफळंसुद्धा सोडली नाहीत.

ही बातमी आंबोलीचा घाट उतरून, आम्ही कळवण्याआधीच फोंडाघाटला पोचली. मुलाच्या आईचा फोन आला. "तुमचा चेडू अजून स्थळा बघता मां? मगे आमच्याकडचा मोडला म्हणान समजा."

पुतणी भरल्या ताटावरून उठली.

भावाने साईटला फोन लावला. ऑफिसातलं म्हटलं की तो शुद्ध बोलतो. "मॅडम, आम्ही खाते रीतसर बंद केले आहे."

"हो सर, बंदच आहे. म्हणून तर तुम्हाला दिसत नाही."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांची खाती चालू आहेत ना सर, त्यांना दिसणार. माहिती पुसायची विनंती वेगळी. मुलीचं आधार कार्ड आणि आताचा एक फोटो पाठवा, मग बघू."

"पुसूक आनीक म्हायती देवची?" भाऊ मालवणीवर आला.

सुकी मासळी वाळते त्या खळ्यात माझं आयुष्य गेलं, वासाचं मला कौतुक नाही. पण पोरीचा चेहरा टोपलीत मांडून ठेवायचा, तिने उचलायला सांगितलं तर तिच्याच डोळ्यांवर फडकं बांधायचं आणि गिऱ्हाइकांना पुढे बोलवत राहायचं, ही घाण निराळी.

मुलाची आई स्वतः आली, साखरपुड्याची साडी परत करायला. भाऊ बोलायला लागला, तेवढ्यात पुतणीने त्याला गप्प केलं. "आई, तुमच्या झिलानपण खाता बंद केल्यान मां?"

"माझ्यासमोर केल्यान."

पुतणीने मैत्रिणीला फोन लावून तिच्या खात्यातून शोधायला सांगितलं. होणाऱ्या नवऱ्याचं चित्र आलं. तोच शर्ट, तेच हसू. 'आजच सक्रिय. मनमिळाऊ मुलीच्या शोधात.'

बाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "शी," एवढंच म्हणाल्या. मग साडीची पिशवी पायाने खाटेखाली सरकवली. "चाय ठेव गो. आधार कार्डा आमचीय देवची लागतली."

दोघांचीही पाठवली. पुसलं का, कोण जाणे. सगळे मिळून देवळात गेलो. भावाने प्रत्येकाचा मोबाईल बाहेर चपलांपाशी ठेवायला लावला, विहिणीचासुद्धा. मग नारळ ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"बा देवा म्हाराजा, तुका सगळा म्हायत आसा. आमी काय एक सांगनव नाय."

"व्हय म्हाराजा," आम्ही कुजबुजलो.