ओठ हलवणारा गायक

काल ताईला भेटायला गेले. भावोजी गेल्यापासून ती फारशी बोलत नाही. तिच्या लेकीने मोबाईलवर ऐंशीच्या दशकातला एक इंग्रजी पॉपचा कार्यक्रम लावला. लंडनच्या मामाने तेव्हा त्याची व्हिडिओ कॅसेट आणली होती आणि शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर आम्ही दोघी ती पुन्हा पुन्हा पाहायचो. डोळ्यांत काजळ घातलेला तो गायक नुसतेच ओठ हलवतोय, हे मला काल पहिल्यांदा दिसलं.

"खोटंच गातोय की गं हा," मी म्हटलं.

"मला तेव्हाही कळायचं," ताई म्हणाली. "पण किती मनापासून हलवतोय बघ."

बोलता बोलता तिचे खांदे तालावर हलू लागले. तरुणपण मनापेक्षा अंगालाच जास्त आठवत असावं. गाणं संपलं, तशी ती लेकीला म्हणाली, "अजून एक लाव. आणि आवाज वाढव जरा."