पतीचे नाव असल्यास

रोह्यातल्या आमच्या शिक्षण संस्थेची वेबसाइट प्रणिता एकटीच सांभाळते. ती पेणजवळच्या जोह्याची, गणपतीच्या कारखान्यांच्या गावची; माहेरीच राहते. रोज पेणहून एसटीने येते. कार्यालयामागे जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत तिचं टेबल आहे. मी हेडक्लार्क, कॉमर्सचा माणूस, कोडमधलं मला काही कळत नाही. तरी मधल्या सुट्टीत मी तिच्याकडे जाऊन बसतो, कारण दुसरं कोणी जात नाही.

एकदा तिने समजावून सांगितलं, "सर, आमच्याकडे गणपती साच्यातून निघतो, पण डोळे एकेकाचे हातानं आखायचे. हे तसंच. एचटीएमएलचा साचा सगळ्यांना एकच, त्यात मध्ये मध्ये कोडचे तुकडे. ज्याची माहिती येईल त्याचं नाव तो तुकडा लिहितो."

गेल्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या यादीचं पान करायचं ठरलं. लग्न झालेल्या बायकांसाठी तिने साच्यात अट घातली: माहितीत पतीचं नाव असेल तर 'सौ.', नसेल तर 'श्रीमती'.

प्रणिताचा नवरा सात वर्षांपूर्वी सुरतेला कामाला म्हणून गेला, तो आलाच नाही. तिकडे त्याने दुसरं घर केलंय असं लोक सांगतात. स्वतःची माहिती भरताना तिने त्याचा रकाना मोकळा सोडला. पान सुरू झालं आणि तिच्या नावाआधी 'श्रीमती' आलं.

पहिल्यांदा ते वैशालीबाईंनी पाहिलं. त्या शाळेत मराठी शिकवतात. दारातूनच म्हणाल्या, "अगो, नवरा जिता असताना श्रीमती? स्वतःच्या हातानं?" आणि हसल्या. गावात कुणीतरी ते पान मोबाइलवर दाखवलं असावं, संध्याकाळी जोह्याहून तिच्या आईचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"माजा जावई जिता हाय! काढ ते आदी!"

प्रणिताने नवऱ्याचं नाव भरलं. आता 'सौ.' आलं. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"हे पण खोटंच की, सर. अट मीच लिहिली. दोनच दारं ठेवली, आणि मी दोन्हीच्या बाहेर."

"मग सौ., श्रीमती सगळंच काढून टाक," मी म्हणालो.

तिने काढलं. दुसऱ्या दिवशी वैशालीबाई आणखी तिघींना घेऊन हजर.

"माझं सौ. कुठं गेलं गो? तुला नको असेल, आम्हाला हवंय!"

आठवडाभर प्रणिता खोलीबाहेरही फारशी दिसली नाही. मग तिने ती अट परत न घालता माहितीच्या फॉर्मवर नवा रकाना केला: 'नावाआधी काय लिहावे?' ज्याने जे भरलं, ते पानावर येणार. सगळ्यांनी भरलं. तिने स्वतःचा रकाना मोकळा ठेवला.

मी चष्मा लावून पान पाहिलं. तिचं नाव इतरांच्या ओळीत सरळ उभं होतं.

"रकाना रिकामा आहे, तर तिथे मोकळी जागा दिसायला नको का?" मी विचारलं.

"नाय दिसत, सर. नावाआधीची रिकामी जागा ब्राउझर गिळतो. कुणाला कळत नाय."

"आणि आई?"

"रोज विचारते, सौ. कधी येणार. सांगितलंय, काम चालू हाय."