दोन्ही ऑटोवर

कन्हेरीतून, म्हणजे माझ्या माहेरून, काम करायची परवानगी मला एका महिन्याचीच मिळाली होती. आई गेल्यापासून वडील, म्हणजे आबा, घरात एकटेच होते, म्हणून मी पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमपुढं हट्टच धरला होता. काम अडलं तर पुण्यात हजर व्हायचं, असं त्यांनी बजावलं होतं. आणि नेमकं शेवटच्या आठवड्यात काम अडलं.

मी ज्या एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहिते, त्यात दोन ओळी बदलून फाइल सेव्ह केली की अख्खी फाइलच बदललेली दिसायची. कुठं समास सरकलेला, कुठं एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी झालेली. पुन्हा सेव्ह करावं तर सगळं उलटं. मॅडमनी दोनदा काम परत पाठवलं. तू नक्की काय बदललंस तेच कळत नाही, म्हणाल्या, दुपारपर्यंत नीट करून पाठव. माझं डोकं असं फिरलं, की चहा घेऊन आलेल्या आबांवरच मी खेकसले. बिचारे कप ठेवून मळ्यात गेले.

दोष एक्स्टेन्शनचा असणार हे कळत होतं. एक्स्टेन्शन म्हणजे एडिटरला वरून जोडायची छोटी अवजारं. गावाकडं कामात काही अडू नये म्हणून मी दिसेल ते जोडून ठेवलं होतं. सगळी बंद केली, तर फाइल शहाण्यासारखी वागली. मग एक चालू करायचं, दोनदा सेव्ह करून उलटसुलट होतंय का ते बघायचं, बंद करायचं, पुढचं घ्यायचं. शेवटचं तपासून झालं तरी चोर सापडेना. एकेकटं बघावं तर जो तो सज्जन. आता पुन्हा पुण्यात खोली शोधायची, या विचारानं मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात आबा तणतणत परत आले. शेतीची लाइट आली आणि लगेच फ्यूज उडाला होता. आमच्या विहिरीवर दोन मोटारी, एक आमची, एक चुलत्यांची. लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो दोन्हींना आहे. पण एका दिवशी एकानंच ऑटो लावायचा, दुसऱ्यानं मोटार हातानं चालू करायची, असं दोघा भावांत ठरलेलं. आज पाळी चुलत्यांची होती.

"तुझं बोलणं डोक्यात घिऊन गेलो, न् आपला ऑटो काढायचाच राह्यला," आबा म्हणाले. "दोन्ही मोटारी चांगल्या हायत, पर एकदम उठल्या की फ्यूज जातोयच."

मी तशीच लॅपटॉपकडं वळले. एक चालू करताना मी आधीचं बंद करत होते. दोन एकत्र कधी तपासलीच नव्हती. सेव्ह करताच फाइल आपोआप नीटनेटकी करणारी कोणती, तेवढीच शोधली. दोन निघाली, आणि दोघांची नीटनेटकेपणाची कल्पना वेगळी. एकाचं आपोआप चालणं बंद केलं आणि सेव्ह केलं. फक्त माझ्या दोनच ओळी बदललेल्या दिसल्या. काम पाठवलं, आणि आम्ही जेवायला बसतोय तोवर मॅडमचा निरोप आला, की छान झालंय, तिथूनच करत राहा.

मी आधी आबांची माफी मागितली, मग सांगितलं की मी आता इथंच राहणार. मला वाटलं, ते खूश होतील, निदान हसतील तरी. ते खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले.

"ह्यात नवं काय सांगतीस," ते म्हणाले. "तू आलीस त्याच दिशी मी समद्यास्नी सांगून बसलोय, लेक आता हितंच ऱ्हाणार म्हणून. म्हैना झाला, रोज देवाला हात जोडतुय, मला खोटं पाडू नगंस."